शिमग्याआधीचे घर

थंडी सरली, ज्वारी काढणीला आली, की आमच्या कऱ्हाडच्या बाजूला माणसे माजघरातून सोप्यात झोपायला येतात. याच दिवसांत गेल्या वर्षी मी कोकणात थोरल्या बहिणीकडे गेले. आक्काचे सासर गुहागर तालुक्यात. ‘एकदा शिमग्याला ये,’ असे ती दर साली म्हणायची. पण सुगी टाकून निघायचे कसे? गेल्या वर्षी मात्र जमले.

कऱ्हाडहून पाटण, कोयनानगर करीत एस.टी. कुंभार्ली घाट उतरू लागली, तशी हवा पालटली. वरचा कोरडा वारा मागे राहिला आणि अंगाला दमट ऊब लागू लागली. घाटात पळस, पांगारे लालभडक फुललेले. चिपळूण सोडल्यावर आंबा-काजूच्या मोहोराचा वास थेट गाडीत येत होता.

आक्काचे घर लहानच. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले. पुढे खळे, मग पायऱ्या, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार. आपण अंगण म्हणतो ते कोकणात खळे. पावसाळ्यात तिथे शेवाळ आणि गवत माजते. भातकापणी झाली की ते खरवडायचे, लाल माती घालून चोपायचे, शेणाने सारवायचे आणि वर मांडव घालायचा. भात झोडणे, वाळवणे त्याच खळ्यात. पुढे आमसुले, फणसपोळी, पापड तिथेच वाळतात. दुपारी बायका तिथेच निवडटिपण करतात आणि रात्री माणसे तिथेच झोपतात. पाऊस यायच्या आत मांडव उतरवायचा. दोन-तीन खोल्यांच्या घराला निम्मे वर्ष एक मोठी खोली मिळते ती अशी.

मी पोचले तेव्हा घरात शिमग्याची धांदल होती. फाल्गुन शुद्ध पंचमीला, म्हणजे फाक पंचमीला, शिमगा सुरू होतो. मुंबईचे चाकरमानी रेल्वेने, एस.टी.ने गावी येतात. होळी झाली की ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. गावोगावच्या रीती वेगळ्या. पण पालखी यायच्या आधी घर लख्ख झाले पाहिजे, हे सगळीकडे सारखेच.

आक्काबरोबर मी ओटी सारवायला बसले. आधी लाल मातीचा चिखल करून खळगे बुजवले. मग ताजे शेण बेताच्या पाण्यात कालवले. थर जाड दिला तर पापुद्रे निघतात, म्हणून हात हलका ठेवायचा आणि आतल्या कोपऱ्यातून मागे सरकत दाराकडे यायचे. माजघरात पूर्वी दिवसाही दिवा लागायचा. दाजींनी कौलांत एक काचेचे कौल बसवले आहे. तेवढ्याने चुलीपर्यंत उजेड येतो.

पण ओटीवर मला एक गोष्ट खटकली. ओटीच्या मधोमध चिऱ्याची भिंत होती. दहा वर्षांपूर्वी भावाभावांत वाटणी झाली, तेव्हा ती घातलेली. पायऱ्यांकडची अर्धी ओटी आणि लगतची खोली मुंबईच्या धाकट्या भावाकडे. उरलेली अर्धी ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर आक्काकडे. आक्काच्या बाजूला पुढे जमीन एकदम उतरती, तिथे पायऱ्या घालायला जागा नाही. त्यामुळे पुढचे दार अकरा महिने कुलपात आणि आक्काचे सगळे जाणे-येणे मागील दाराने. आक्काची अर्धी ओटी अंधारी, कोंदट. मांडव पुढच्या खळ्यात, पण तिथे जायचे तर घराला वळसा घालून!

सगळ्यांत जास्त कोंडमारा झाला होता तो आक्काच्या सासूबाईंचा. त्यांचे गुडघे गेलेले. मागील दाराच्या दगडांवरून उतरून पुढे येणे त्यांना जमत नव्हते. दोन वर्षे पालखी खळ्यात आली, ओट्या भरल्या गेल्या. त्यांनी मात्र आत बसून नुसता ढोल ऐकला. खिडकीतून मांडवाचा एक खांब तेवढा दिसायचा.

होळीच्या आदल्या दिवशी धाकटे भाऊ आले. कुलूप काढून सामान ठेवले आणि आईच्या पाया पडायला मागून वळसा घालून आले. म्हातारी म्हणाली, “अरे, आपल्याच घरात पाव्हण्यासारखा फिरून आलास? पालखी घराकडं येते. वाटणीकडं नाय येत.”

कोणी काही बोलले नाही. जेवणेही मुकाट झाली. सकाळी मला जाग आली ती ठोकण्याच्या आवाजाने. धाकट्यांनी गवंड्याला बोलावून आणले होते. वाशांचा भार त्या भिंतीवर नाही ना, हे त्याने आधी वर चढून पाहिले. मग मधले चिरे एकेक सोडवले. दुपारपर्यंत माणूस सहज जाईल एवढी वाट झाली. निघालेल्या चिऱ्यांची दाजींनी पायऱ्यांच्या कडेला आईला टेकायला बैठक रचली. वाटणीचा कागद पेटीत होता तसाच आहे. दोघे भाऊ त्या दिवशीही फारसे बोलले नाहीत. पण चिरे दोघांनी मिळून उचलले.

वाट मोकळी होताच पुढून वारा आला आणि थेट मागील दाराने गेला. आक्का चुलीपाशी उभी राहून म्हणाली, “बाई गं, खळं दिसतंय इथून!”

दोन दिवसांनी पालखी आली. ढोल वाजले, खळ्यात पालखी नाचली आणि मग पाटावर बसली. दोन्ही सुनांनी दोन्ही हातांना धरून सासूबाईंना नव्या वाटेने बाहेर आणले. त्यांनी बैठकीवर टेकून स्वतःच्या हाताने नारळ, तांदूळ, खण घेऊन ओटी भरली. त्या रात्री त्या मांडवाखालीच झोपल्या.

मी घरी परतले. आमचे घर सोपा आणि दोन खोल्यांचे, वर पत्रा. परसदार कितीतरी दिवस खताच्या आणि सोयाबीनच्या पोत्यांनी बंद झालेले. मी चुलीपुढे घामाघूम व्हायची, आणि सोप्यातले बोलणे मला कधी ऐकू यायचे नाही. पाडव्याच्या आधी मालकांना सांगून पोती गोठ्यालगतच्या कोरड्या जागी फळ्यांवर रचून घेतली. दार उघडले, उंबऱ्याबाहेर चार हात जागा सारवली, वर जुन्या ताटीची सावली केली. खर्च म्हणाल तर सुतळीचा.

आता संध्याकाळी भाकरी थापताना सोप्यातला पोरांचा अभ्यास ऐकू येतो. सासूबाईंची खाट परसदारी आली आहे. बायांनो, यंदा घर सारवायला काढाल तेव्हा भिंतीला रंग कोणता द्यायचा, हे मागाहून ठरवा. आधी कोणते दार पोत्यांमागे अडकले आहे, ते बघा.