माणसें निवडणारा कुलगुरु

विद्यापीठांत सुधारणा करावयाची म्हटली म्हणजे आमच्याकडे प्रथम एक समिति नेमली जाते. समिति अहवाल देते, अहवालांतून परिपत्रकें निघतात, आणि तीं अखेर ज्या अध्यापकाच्या हातीं पडतात तो पुष्कळदां तासिका तत्त्वावर नेमलेला असतो. पुढल्या जूनमध्यें आपण येथें असूं कीं नाहीं, हेंच त्यास ठाऊक नसतें. अशा तरुणांच्या शेजारीं बसून आम्हीं बरींच वर्षें अध्यापन केलें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतरचे नवे अभ्यासक्रम त्यांच्याच खांद्यांवर आलेले पाहिले, तेव्हां आम्हांस कलकत्त्याच्या एका जुन्या कुलगुरूची आठवण झाली.

सर आशुतोष मुकर्जी १९०६ ते १९१४ व पुन्हां १९२१ ते १९२३ त्या पदावर होते. पेशानें ते हायकोर्टाचे न्यायाधीश. विद्यापीठाचा कारभार त्यांनीं तें काम सांभाळून केला. १८५७ सालीं निघालेलें हें विद्यापीठ तोंवर मुख्यत्वें परीक्षा घेणारें व पदव्या देणारें होतें. १९०४ च्या कायद्यानें शिकविण्याची मुभा दिली खरी, पण ती सर्वच विद्यापीठांस मिळाली होती! आशुतोषांनीं तारकनाथ पालित व रासबिहारी घोष या दोन कायदेपंडितांकडून मोठ्या देणग्या मिळविल्या आणि १९१४ सालीं विज्ञान महाविद्यालयाचा पाया घातला.

इमारतीचें आम्हांस तितकेंसें कौतुक नाहीं; इमारती पुष्कळांनीं बांधल्या. नवल वाटतें तें त्यांच्या नजरेचें. चंद्रशेखर वेंकट रामन् हे सरकारी अर्थखात्यांतले अधिकारी. कचेरीचे तास हिशेबांत घालवावे आणि सकाळ-संध्याकाळ बहुबाजारांतील विज्ञानसंस्थेंत प्रयोग करावे, असा त्यांचा क्रम होता. आशुतोषांनीं त्यांस पालित अध्यासन देऊं केलें. परदेशीं जाऊन शिकून येण्याची एक अट होती. रामन् जाण्यास कबूल होईनात. दुसऱ्या एखाद्या कुलगुरूनें नियमावर बोट ठेवून दुसरा उमेदवार पाहिला असता. येथें अट बाजूस सारली गेली, आणि १९१७ सालीं रामन् कमी वेतन पत्करून रुजू झाले. १९३० सालीं नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें तें याच अध्यासनावर असतां.

मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस तर नुकतेच परीक्षा देऊन बाहेर पडलेले. त्यांस एकदम पदव्युत्तर वर्गांवर नेमलें. नवें पदार्थविज्ञान शिकविणारा कोणी नाहीं, तर तें आधीं आपणच शिकावें व मग शिकवावें, असा तो मामला होता. दोघे जर्मन शिकले. १९२० सालीं त्यांनीं केलेलें सापेक्षतेवरील लेखांचें इंग्रजी भाषांतर विद्यापीठानेंच छापलें. प्रांताची अडचण या कुलगुरूस कधीं भासली नाहीं. प्राचीन इतिहासाच्या अध्यासनावर आमचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले, तत्त्वज्ञानाच्या अध्यासनावर म्हैसूराहून राधाकृष्णन् आले.

या सर्वांत आम्हांस खटकणारी एक गोष्ट आहे. १९२२ च्या सुमारास तिजोरी आटली. वेतनें भागविणें कठीण झालें. सरकारनें अडीच लाख रुपये देऊं केले, पण बरोबर अटी घातल्या. आशुतोषांनीं विद्यापीठाच्या स्वातंत्र्यासाठीं ते नाकारले, व १९२३ सालीं सरकारच्या अटींवर पुन्हां कुलगुरु होण्याचेंहि नाकारलें. तो बाणेदारपणा आम्हांस वंद्य आहे. परंतु पहिल्या नकाराच्या वेळीं त्यांचें स्वतःचें वेतन हायकोर्टांतून येत होतें, आणि ज्यांचें येत नव्हतें त्यांच्याहि वतीनें तो नकार गेला, हें विसरून चालणार नाहीं.

रामन् १९३३ पर्यंत राहिले. साहा १९२३ सालीं अलाहाबादेस गेले. बोस त्यापूर्वींच, १९२१ सालीं, ढाक्याच्या नव्या विद्यापीठांत गेले होते. १९२४ सालीं आइन्स्टाइन यांस पाठविलेला त्यांचा सुप्रसिद्ध निबंध तेथूनच गेला.