पिवळा दिवा

पलासियाजवळ पप्पांच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. रविवारी आजीला मिस्साला न्यायचं होतं. पहिला मेकॅनिक म्हणाला, "ऑक्सिजन सेन्सर गया." दुसरा म्हणाला, "पेट्रोल में मिलावट है." स्कॅनर दोघांनीही लावला नव्हता. तिसऱ्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला. कोड आला पी ०१३५, म्हणजे सेन्सरच्या हीटर सर्किटमध्ये बिघाड.

"मग सेन्सरच ना?" मी विचारलं.

"कोड जगह बताता है, वजह नहीं."

बॉनेट उघडलं, तर उंदराने वायर कुरतडलेली! ती जोडली, कोड पुसला, दिवा विझला.

आजी महिनाभर नीट जेवत नव्हती. "वय झालं," असं आम्ही सगळेच म्हणत होतो. रविवारी गाडीत तिला पहिल्यांदा विचारलं.

"कवळी टोचते गं," ती म्हणाली.