वाकलेली रेघ

कसाऱ्याला विज्ञान शिकवताना बरीच वर्षं मी मुलांकडून प्रयोगवहीत खोटे आकडे लिहून घेतले. पुस्तकात आहे तेच वहीत यायला हवं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शाळेत ओहमचा नियम पडताळून पाहायचा असतो. त्याला निक्रोमची तार लागते. आमच्याकडची तार तुटली होती, म्हणून मी तिच्या जागी टॉर्चचा अडीच व्होल्टचा दिवा जोडून दिला. शेवटी दोन्ही रोधच, असा माझा हिशेब. एका गटाला 1 व्होल्टला 0.18 अँपिअर मिळाले आणि 2 व्होल्टला 0.26. नियमाप्रमाणे दुप्पट, म्हणजे 0.36 यायला हवे होते. पाड्यावरून चालत येणारी एक मुलगी आलेखाचा कागद घेऊन आली. "सर, रेघ वाकतेय." मी कागदावर नुसती नजर टाकली. "रीडिंग घेताना चुकलीस. पट्टी लाव आणि सरळ ओढ." ती म्हणाली, "पुन्हा मोजून बघितलं सर, तेच येतंय." मी ऐकलं नाही. तिने रेघ खोडली.

तिची रेघ बरोबर होती. दिव्यातली टंगस्टनची तार धारा वाढेल तशी तापते आणि तापली की तिचा रोध वाढतो. असा दिवा थंड असताना रोध एखाद्या ओहमच्या आसपास असतो, पूर्ण उजळला की आठच्या पुढे जातो. तापमान आणि वाहकाच्या इतर भौतिक अवस्था कायम असतील तरच ओहमचा नियम लागू पडतो. ही अट मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो, पाठ करून घ्यायचो, परीक्षेत तिला गुणही ठेवायचो. ती मोडली की काय होतं ते त्या मुलीच्या कागदावर उमटलं होतं, आणि मीच ते पुसायला लावलं.

उकळत्या पाण्याचंही तसंच. तापमापीतला पारा 99 च्या आसपास अडायचा. मी म्हणायचो, तापमापी जुनी झालीय, 100 लिहा. कसारा समुद्रसपाटीपासून सुमारे 300 मीटर उंच आहे. एवढ्या उंचीला हवेचा दाब कमी होऊन उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, घाट चढून इगतपुरीला गेलं की आणखी एक. याच चढासाठी गाड्यांना इथे मागून जादा इंजिन लावतात, मुलं ते रोज बघतात. तरी उंचीचा विषय वर्गात निघाला नाही.

ओहमबद्दल वाचलं तेव्हा हे फार लागलं. तोही शाळामास्तरच, जर्मनीतल्या कलोनचा. मोजता मोजताच त्याच्या विद्युतघटांचा जोर उतरायचा, आकडे जुळेनात. त्याने आकडे सारखे केले नाहीत, विजेचा उगमच बदलला. तांबे आणि बिस्मथ यांचा एक जोड उकळत्या पाण्यात आणि दुसरा वितळत्या बर्फात ठेवून, तापमानाच्या फरकातून मिळणारी स्थिर वीज त्याने वापरली. 1826 मध्ये त्या मोजणीतून त्याला संबंध सापडला, पुढच्या वर्षी त्याचं पुस्तक आलं.

आता मी तार आणि दिवा दोन्ही देतो आणि दोघांचे आलेख एकाच कागदावर काढायला सांगतो. प्रत्येक रीडिंगपुढे रोध काढायचा, आणि आलेला आकडा खोडायचा नाही. रीडिंग झालं की कळ लगेच काढायची, म्हणजे तार तापत नाही. यंदा एका गटाने कळ मुद्दाम लावून ठेवली. निक्रोम हाताला चांगलीच गरम लागली, पण रोध फारसा हलला नाही. मग टंगस्टनचाच एवढा का वाढतो, यावर सगळा तास गेला. निक्रोम हा निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. त्यात वेगवेगळे अणू मुळातच अस्ताव्यस्त बसलेले, त्यामुळे इलेक्ट्रॉनांना थंडीतही अडथळा असतोच, तापल्याने त्यात थोडीच भर पडते. टंगस्टनमध्ये अणू नीट रांगेत असतात, म्हणून तापून ते थरथरायला लागले की फरक एवढा मोठा दिसतो.