दाताला सवड हवी

दिवाळी सरून आठ-दहा दिवस झाले की दवाखान्यात दाढदुखीचे पेशंट वाढतात. कुणाची दाढ रात्रभर ठणकलेली असते, तर कुणाला गार पाण्याची सणक सोसवत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : "मॅडम, आता गोड बंदच करू का?" मी त्यांना उलट विचारते, दिवसातून किती वेळा तोंड चालू असतं ते आधी सांगा. काय खाता, ते त्यानंतर बघू.

दातावरचं इनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. वजनाच्या हिशेबानं त्यात सुमारे 96 टक्के खनिजं असतात. एवढं टणक असूनही ते आम्लात विरघळतं. हे आम्ल तयार होतं ते तोंडातच. दातांवरच्या चिकट थरात राहणारे जीवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. 'स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स' हा त्यांतला मुख्य. 1940च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी दंतवैद्यानं लोकांना साखरेच्या पाण्यानं चूळ भरायला लावली आणि या थराचा पीएच मोजला. काही मिनिटांतच तो झपाट्यानं खाली गेला. पीएच साधारण 5.5च्या खाली उतरला की इनॅमलमधलं कॅल्शियम आणि फॉस्फेट बाहेर पडायला लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू निवळते आणि अर्ध्या-पाऊण तासात, कधी तासाभरात, पीएच पूर्वपदावर येतो. मग लाळेतली खनिजं दातात परत बसतात आणि टूथपेस्टमधलं फ्लोराइड या कामाला हातभार लावतं.

म्हणजे दाताची झीज आणि दुरुस्ती रोज चालूच असते. कीड लागते ती दुरुस्तीला सवड मिळत नाही तेव्हा. जेवणाबरोबर दोन बेसन लाडू खाल्ले, तर हल्ला एकदाच होतो. तेच दोन लाडू दुपारभर येता-जाता तुकडे मोडून खाल्ले, तर पहिला हल्ला ओसरायच्या आत पुढचा सुरू होतो. लाडू तेवढेच आणि साखरही तेवढीच, पण दाताचं नुकसान कितीतरी जास्त.

याचा सर्वांत ठोस आणि तितकाच अस्वस्थ करणारा पुरावा स्वीडनमधल्या लुंडचा आहे. तिथल्या विपेहोल्म या संस्थेत मतिमंद रुग्णांवर 1940च्या दशकात प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष 1954 साली प्रसिद्ध झाले. जेवणाबरोबर साखर दिलेल्या रुग्णांमध्ये कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी दिलेल्यांचे दात मात्र भराभर किडले. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं अशा माणसांचे दात त्यासाठी खर्ची पडले, हे दंतवैद्यकानं कधीही विसरू नये. त्यानंतर स्वीडनमध्ये मुलांना गोळ्या-चॉकलेटं फक्त शनिवारी द्यायचा प्रघात पडला. तो आजही टिकून आहे.

आपल्याकडे टॉफीची जागा बऱ्याचदा चहा घेतो. माझे एक पेशंट किराणा दुकानदार आहेत. "डॉक्टर, मी गोडाला शिवतसुद्धा नाही," असं ते ठामपणे सांगत होते. तोंडात पाहिलं, तर हिरडीच्या कडेनं दातामागून दात किडलेला. चौकशी केली तेव्हा कळलं, की काट्याशेजारी चहाचा ग्लास सकाळपासून असतोच. गिऱ्हाईक गेलं की एक घोट, पुढचं आलं की ग्लास खाली. त्यांना मी चहा सोडायला सांगितलं नाही. वेळ ठरवून प्यायचा, गरम असतानाच संपवायचा आणि वर पाणी प्यायचं, एवढंच सांगितलं. त्यांनी ते पाळलं. किडलेले दात भरावेच लागले, पण नवी कीड थांबली.

फराळाच्या ताटातलं तिखटमीठही निर्दोष नाही. चकली चावली की तिच्या पिठाचा लगदा होऊन दाढांच्या खाचांत घट्ट बसतो. लाळेतलं विकर त्या पिठाची तिथल्या तिथे साखर करतं. जिभेला गोड लागत नाही म्हणून आपण गाफील राहतो. बिस्किटाचंही तसंच. गूळ, मध, खडीसाखर यांना लोक सात्त्विक मानतात, पण जीवाणूंना ती साखरच. चिक्की आणि मनुका तर दाताला चिकटूनच बसतात.

आंबटाची गोष्ट वेगळी. तिथे जीवाणूंची गरजच नसते. लिंबाच्या रसाचा पीएच 2 ते 2.5 असतो, कोलाचा 2.5च्या आसपास. कोला बिनसाखरेचा असला तरी आम्ल तेच. वजन कमी करण्यासाठी रोज सकाळी लिंबूपाणी घोट घोट पिणाऱ्यांचे पुढचे दात कडेनं पातळ, पारदर्शक झालेले मी पाहते. सरबत प्यायचं तर जेवणाबरोबर आणि एका बैठकीत. त्यानंतर लगेच ब्रश करू नका. मऊ पडलेलं इनॅमल घासलं जातं. साध्या पाण्यानं चूळ भरा आणि अर्धा-एक तास जाऊ द्या.

सगळ्यात वाईट वाटतं ते दीड-दोन वर्षांची बाळं येतात तेव्हा. वरचे पुढचे चारही दात काळे पडून मोडलेले, खालचे मात्र स्वच्छ. हे पाहिलं की बाळ साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपतं का, हे विचारायचीही फारशी गरज उरत नाही. बाटली चोखताना जीभ खालच्या दातांवर येते, म्हणून ते वाचतात. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि दूध वरच्या दातांभोवती साचून राहतं. "दुधाचेच दात, पडणारच की," असं आजी समजूत घालतात. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. त्यांच्या मागे सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती कोणताही दात न पडता येत असल्यानं घरच्यांना ती दुधाचीच वाटते, आणि आयुष्यभर पुरायची दाढ अशी अजाणता किडते.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं, की वरून घातलेली साखर, मध आणि फळांचे रस यांतून मिळणारी साखर एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी, जमल्यास 5 टक्क्यांहून कमी. ही दुसरी मर्यादा मोठ्या माणसासाठी दिवसाला साधारण सहा चमचे होते. प्रमाण तर कमी करायलाच हवं. पण त्याच्या जोडीनं वेळाही बांधून घ्या. फराळ ताटात वाढून घ्या, बसून पोटभर खा, पाणी प्या आणि डब्याचं झाकण लावा. मधल्या भुकेला शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर असू द्या. रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काही नको.

दात किडणं म्हणजे नशिबाचा किंवा घराण्याचा दोष, असं मानून गप्प बसू नका. इतका टाळता येण्याजोगा आजार क्वचितच सापडेल. रडणाऱ्या मुलाला गप्प करायला बिस्किटाचा पुडा पुढे करतो तो मोठा माणूसच. त्यामुळे सवय बदलायची ती आधी मोठ्यांनी.