एक मुलगा मातीत, एक धुळीत

दोस्तांनो, गणपतीच्या आधी महिनाभर कधी एखाद्या मूर्तिशाळेत डोकावलात का? नसाल तर यंदा आई-बाबांना घेऊन कल्याणला जाच. दारात पाय ठेवला की आधी येतो तो ओल्या शाडूचा वास. फळ्यांवर ओळीने गणपती बसलेले. कुणाला सोंड आहे पण डोळे नाहीत, कुणाचा हात अजून वाळायचाय. आणि कोपऱ्यात एखादं पोर उरलेल्या मातीशी खेळत असतं. त्याला कुणी हाकलत नाही!

असाच एक मुलगा १९२६ साली कल्याणात जन्मला. सदाशिव साठे. सगळे त्यांना भाऊ साठे म्हणत. घरचाच गणपतींचा कारखाना, त्यामुळे हात लहानपणापासून मातीत. पुढे ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. आता गंमत बघा. गणपतीची मूर्ती कितीही देखणी झाली तरी ती दीड दिवसात, नाहीतर दहा दिवसांत पाण्यात विरघळायची. आणि अशा घरातल्या मुलाने आयुष्यभर केले ते वर्षानुवर्षं ऊनपावसात टिकणारे पुतळे! दिल्लीच्या चांदणी चौकातला गांधीजींचा पुतळा त्यांनी केला तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. गेटवे ऑफ इंडियाजवळचे घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज पाहिलेत ना? १९६१ साली बसवलेला तो पुतळाही भाऊंचाच.

पण पुतळा ब्राँझचा असला तरी सुरुवात मातीनेच होते, बरं का. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर माती. मातीचा पुतळा मनासारखा झाला की त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेण, आणि शेवटी वितळलेला धातू ओततात. उंच चौथऱ्यावरच्या पुतळ्याकडे आपण खालून बघतो, म्हणून डोकं किंचित मोठं ठेवावं लागतं. नाहीतर ते फारच लहान दिसेल. डोंबिवलीच्या एमआयडीसी भागात भाऊंचं शिल्पालय आहे. तिथे हे सगळं जवळून न्याहाळता येतं. निघण्यापूर्वी वेळ मात्र विचारून घ्या. भाऊ २०२१ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेले.

आता दुसरा मुलगा. त्याच्यासाठी जरा लांब जायचं. दिव्याहून वसईची गाडी पकडायची, वसईला गाडी बदलायची आणि थेट डहाणू रोडला उतरायचं. डहाणू आज पालघर जिल्ह्यात आहे, पण १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ते आपल्या ठाणे जिल्ह्यातच होतं. तेव्हा ही आपल्याच घरची गोष्ट समजा.

जिव्या सोमा म्हसे हा वारली मुलगा १९३४ च्या सुमारास जन्मला. तो सात वर्षांचा असताना त्याची आई गेली. आणि जिव्या बोलायचाच थांबला. एक-दोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. काही हवं असलं, काही सांगायचं असलं की खाली वाकून धुळीत बोटाने काढून दाखवायचा. वारा आला की ते पुसलं जायचं. मग पुन्हा काढायचं.

वारल्यांच्या घरी लग्न असलं की गेरूने सारवलेल्या भिंतीवर चौक काढतात. त्यात पालघट देवी असते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूची काडी चावून तिचा कुंचला करायचा, आणि गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्यावर माणसं, झाडं, घरं सगळं उभं करायचं. वारली लोक चौक ‘काढला’ म्हणत नाहीत, ‘लिहिला’ म्हणतात. हे लिहिणं मात्र बायकांचं काम! जिव्या मोठा झाला, मजुरी करू लागला, तरी लग्नाची वाट न बघता रोज चित्रं काढायचा. पुरुषाने असं करावं, ही गावाला नवलाईच होती.

१९७० नंतर चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारे तेच हे. त्यांनी इथेही कागद आणि पांढरा रंग दिला. जिव्यांची चित्रं भिंतीवरून कागदावर आली आणि पार पॅरिसपर्यंत गेली. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये ‘पद्मश्री’. १५ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांची मुलं सदाशिव आणि बाळू हीसुद्धा चित्रकार. (थोरल्याचं नाव बघा, आपल्या भाऊंचंच!) आज वारली चित्रं कपांवर, साड्यांवर, शाळेच्या भिंतींवर दिसतात. मला वाईट वाटतं ते एवढंच, की पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या बायकांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत.

जिव्यांचं माझं आवडतं चित्र मासे पकडण्याच्या जाळ्याचं. कागदभर नुसतं जाळं, हजारो बारीक रेघांचं. मासेमार अगदी एवढासा, एका कडेला. पाच मिनिटं एकटक बघत राहिलात, तर ते जाळं पाण्यात हलायला लागतं!