बाबांचा डेस्कटॉप

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. इथे न्यू जर्सीत शनिवारची रात्र, साडेनऊ वाजलेले. म्हणजे पुण्यात रविवारची सकाळ, सात. बाबांचा फोन ठरलेला. पण यावेळी "जेवलास का?" वगैरे काही नाही. थेट, "अरे, माझ्या कॉम्प्युटरचं काय करून ठेवलंस?"

केलं होतं ते चांगल्याच बुद्धीने. आदल्या शनिवारी मी इथे बसून, नेटवरून त्यांचा कॉम्प्युटर चालवून, अँटिव्हायरस बघत होतो. डेस्कटॉपवर तीसेक फोल्डर कसेही विखुरलेले. काही डावीकडे, चार मधोमध, एक पार उजव्या कोपऱ्यात. माझ्यातला इंजिनीअर जागा झाला! राईट क्लिक, 'सॉर्ट बाय नेम', 'ऑटो अरेंज'. शिवाय त्यांच्याकडे प्रत्येक फोल्डर वेगळ्या विंडोत उघडायचा, तो एकाच विंडोत उघडेल असं केलं. दोन मिनिटांचं काम. स्वतःवर खूश होऊन झोपलो.

वेगळ्या विंडोचं खूळ काही बाबांचं नव्हे. १९८४ च्या मॅकिंटॉशवर फोल्डर आणि त्याची विंडो ही एकच वस्तू मानलेली होती. जिथे सोडाल तिथेच ती पुन्हा उघडायची. विंडोज ९५ सुद्धा मुळात प्रत्येक फोल्डर नव्या विंडोत उघडायचं. लिनक्सवरच्या ग्नोमने २००४ मध्ये ही पद्धत पुन्हा आणली, लोकांनी विंडोंच्या गर्दीवर बोटं मोडली, २०१० मध्ये ती मागे घेतली गेली. विंडोजच्या 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये मात्र हा पर्याय अजून आहे, आणि विंडोज ९५ वर शिकलेल्या बाबांनी तो शोधून काढला होता.

खरं सांगू? हा पिवळा फोल्डर म्हणजे नेमकं काय, हे मला अमेरिकेत येईपर्यंत कळलं नव्हतं. पहिल्या नोकरीत स्टीलच्या कपाटाचा खण ओढला, तर आत तेच चित्र ओळीने उभं! पिवळट जाड कागदाचे, वर नावाचा कान असलेले मनिला फोल्डर. झेरॉक्सने १९८१ मध्ये 'स्टार' नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा इथल्या ऑफिसातलं टेबल आणि फोल्डरच उचलून पडद्यावर ठेवले होते. आपलं दप्तर वेगळं. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले. बाबांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत, फितीने बांधलेल्या फायलींत गेली. कुठली फाईल कुठल्या मांडणीवर, खालून कितवी, हे त्यांच्या हाताला माहीत. वीज गेली तरी आईचा हात हळदीच्या डब्यावर बरोबर पडायचा, तसंच ते. डब्यावर कुठे नाव होतं?

"आधीसारखं कर," बाबा म्हणाले.

इथेच पंचाईत. लिहिलेलं काही चुकलं तर कंट्रोल-झेड असतं. हलवलेल्या आयकॉनच्या जागा त्याने परत येत नाहीत. मी तसं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "बरं. मी सांगतो, तू लाव."

आणि त्यांनी पडद्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. "पेन्शन, डावीकडे सगळ्यात वर. त्याच्याखाली बँक. सोसायटी खिडकीच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे रे. तुझे फोटो मधोमध." तासभर चाललं. एकही जागा अडली नाही. मी डेटाबेसवर पोट भरणारा माणूस, नुसता माऊस ओढत होतो.

शेवटी एकच फोल्डर उरला. नाव 'हॉस्पिटल'. आईच्या शेवटच्या वर्षाचे रिपोर्ट, बिलं. माझ्या नावाप्रमाणे लावण्यात तो आठवडाभर पहिल्याच ओळीखाली, बरोबर डोळ्यांसमोर, येऊन बसला होता.

"तो खाली. उजव्या कोपऱ्यात," बाबा म्हणाले. "टाकवत नाही, आणि रोज बघवतही नाही."

मी तो कोपऱ्यात नेऊन ठेवला. काही बोललो नाही. तेही बोलले नाहीत. मग "जेवलास का?" आलं.

असो. परदेशात बसून आईवडिलांचा कॉम्प्युटर 'आवरून' देणारे माझ्यासारखे बरेच असतील. त्यांना एकच सांगणं. हात लावण्याआधी त्या डेस्कटॉपचा फोटो काढून ठेवा. आणि त्याहून बरं म्हणजे, आधी विचारा.