बाकीचे हबशी

न्यूयॉर्कमधल्या कॉलेजात एक ऐच्छिक विषय घ्यायचाच होता. वेळापत्रकात ‘आफ्रिकन डायस्पोरा’, म्हणजे आफ्रिकेबाहेर पांगलेल्या आफ्रिकी लोकांचा इतिहास, बसत होता, तो घेतला.

पहिले कित्येक आठवडे आम्ही अटलांटिकवरच होतो. गुलामांच्या जहाजफेऱ्यांची एक प्रचंड संगणकीय नोंदवही आहे, ती वर्गात उघडीच असायची. सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंबली गेली, १ कोटी ७ लाखांच्या आसपास जिवंत उतरली. सिनेमांमुळे डोळ्यांसमोर अमेरिकेतली कापसाची शेतं येतात, पण आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरवले गेले ते सुमारे ४ लाख. एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या वर. नोंदीत जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव. माणसांचा नुसता आकडा.

सादरीकरणासाठी मी मलिक अंबर निवडला. मी औरंगाबादची, आमचं शहर म्हणजे मूळची त्याने १६१० मध्ये वसवलेली खडकी. १५४८च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा मोखा, बगदाद असा विकला जात दख्खनमध्ये आला, निजामशाहीच्या चंगीझखानाने त्याला घेतलं. हा चंगीझखानही हबशी, म्हणजे आफ्रिकेतून आलेलाच. पुढे अंबर निजामशाहीचा कर्ताकरविता झाला आणि मुघलांना त्याने जेरीस आणलं. जहांगीराने तर अंबरच्या छाटलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रच काढून घेतलं! ते पडद्यावर आलं तेव्हा वर्ग खदखदून हसला, कारण प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन मेला.

मग ब्राझीलच्या एका मुलीने विचारलं, “त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या बाकीच्यांचं काय?”

मी म्हटलं, दख्खनमधला गुलाम मळ्यात राबत नसे, तो शिपाई असे, वर चढू शके. मुद्दा खराच आहे. पण प्राध्यापिकाबाई तेवढ्यावर सोडणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, सरदार झालेल्यावरून गुलामगिरी मोजायची असेल तर अंबरची फौज कुठून आली तेही बघ. बघितलं. त्याने स्वतःही हबशी गुलाम विकत घेऊन फौजेत भरले होते. शाळेत आम्हाला अंबर भेटला तो गनिमी कावा आणि जमीन महसूल यांपुरता. हे कुणी काढलं नव्हतं.

सत्राचा निबंध मी त्या फौजेवर लिहिला. साधनं फारसी आणि डच, त्यामुळे सगळी भिस्त भाषांतरांवर. पुढच्या सत्रासाठी फारसीच्या वर्गात नाव घातलंय.